सरळ केलेली नळी

३ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या त्या डोंगरावरच्या शीतगृहात फोन लागत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. टपालगाडी आठवड्यातून एकदाच वर येते म्हणे, तेव्हा आळस न करता उत्तर लिही.

माझं काम तुला ठाऊकच आहे. मैदानावर लोक मास्क घालून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतात, त्यांच्या बंदुका, म्हणजे मार्कर, मी दुरुस्त करतो. मागे गॅसची बाटली, तिथून पुढच्या व्हॉल्व्हपर्यंत एक नळी. आता मालकाला प्लास्टिकच्या नळ्या नकोत, सगळीकडे स्टीलच्या हव्यात. ट्रिगरच्या वर एक वळण घ्यावं लागतं आणि तिथेच माझं घोडं अडतं. नळी चपटी होते. तू जन्मभर गॅसच्या नळ्या वाकवल्यास, मला जरा अक्कल शिकव.

तुझी भावजय मजेत. जोडलेला प्रत्येक मार्कर तीच तपासते. मास्कमुळे कान झाकले जातात म्हणून तो काढून ठेवते, आणि नळीला कान लावून गॅस फुसफुसतोय का ते ऐकते. माझं बोलणं तेवढं तिला ऐकू येत नाही.

तूच लाडावलेला,
बारक्या

१४ जून

चि. बारक्यास अ. आ.

नळी गुडघ्यावर वाकवत असशील, मी ओळखते तुला. आत बारीक वाळू ठासून भर, दोन्ही तोंडं बंद कर आणि लाकडी साच्याभोवती न थांबता हळू वळव. मग आतून हवा मार, वाळूचा कणही राहता कामा नये. टोकाचा नट आधी हाताने फिरव, मग पाना लाव. शेवटी साबणाचं पाणी. बुडबुडा आला की गळती समजायची. तेव्हा भावजयीला म्हणावं, ते कान लावणं बंद कर.

एक गोष्ट मात्र डोक्यात कोरून ठेव. वळण चुकलं तर नळी फेकून द्यायची. बाबा वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे, तसं इथे करायचं नाही. सरळ केलेली नळी वरून नव्यासारखी दिसते, पण वळणाच्या जागी ती आतून फाटायला लागलेली असते. ते साबणालाही कळत नाही.

दोघं जपून राहा.
ताई

२५ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझी वाळू जिंकली. नळ्या अशा वळल्या की मालक त्यांच्यावरून हात फिरवत बसला होता. साबणावर तुझ्या भावजयीचा विश्वास नाही, ती कानच लावते.

एक नळी तेवढी उलट्या बाजूला वळली. रागावू नकोस, फेकवली नाही गं. बाबांचाच मुलगा मी. सरळ करून पुन्हा वळवली, साबणाला पास झाली. गिऱ्हाइकाला देणार नाही, एवढी लाज आहे मला. ज्या मार्करवर तुझी भावजय भरून आलेल्या बाटल्या तपासते, त्या घरच्या मार्करला बसवली. बाबांचंही हेच होतं ना, नवे खिळे लोकांच्या दारांना आणि सरळ केलेले आपल्या पाळण्याला. आपण पडलो का कधी?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
बारक्या

५ जुलै

बारक्या,

आशीर्वाद नंतर. आधी ती नळी काढ. हे पत्र पुरं वाचायच्याही आधी काढ. गिऱ्हाईक मास्क घालून कधीतरी खेळतं, ही रोज बिनमास्कची त्या नळीला कान लावते. चांगली नळी तिला द्यायची होती, गाढवा. पाळण्याचं काय सांगतोस मला? पाळण्यात गॅस नव्हता.

टपालगाडी गेली, म्हणून मालाच्या ट्रकवाल्याकडे हे देते आहे. खाली रेंज आली की तुला फोन करायलाही त्याला सांगितलं आहे. माझा जीव थाऱ्यावर नाही.

ताई

१६ जुलै

ती. ताईंना सा. न. वि. वि.

अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घ्या, ओळ कुठे संपते ते अजून नीट कळत नाही. तुमच्या ट्रकवाल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो. मी बाटली बसवली, फुसफुस झाल्यासारखी वाटली म्हणून कान जवळ नेला, आणि नळी वळणात फाटून तिचं टोक उजव्या डोळ्यात घुसलं. डोळा काढावा लागला.

मी शुद्धीवर आल्या आल्या त्याने सगळं सांगितलं. तुम्ही बजावलं होतं, तरी त्याने नळी सरळ केली, माझ्याच मार्करला लावली. काही लपवलं नाही. आता भिंतीकडे तोंड करून बसतो. मला भरवायला येतो तर चमचा वाटीतच ठेवून बसतो, मग तो मीच हातात घेते आणि दोघांना भरवते.

काल मालक येऊन गेला. म्हणाला, गिऱ्हाईक असतं तर मैदानच बंद पडलं असतं, बरं झालं घरचीच होती. त्यावर याने मान डोलावली. मालकापुढे डोलवायची सवय आहे, तशीच डोलली असेल. पण मी ती पाहिली, ताई. उरलेल्या डोळ्याने नीट पाहिली.

येणारा प्रत्येक जण मला सांगतो, त्याला सांभाळ, तो खचलाय. सांभाळते आहे. तुम्ही त्याला रागाचं पत्र लिहू नका, त्याला ते सोसणार नाही.

तुमची माझ्यावर माया आहे, ती तशीच राहू द्या. माझी त्याच्यावरची होती, ती शोधते आहे.

तुमची भावजय