दुखण्याचा आकडा

४ मार्च, मंगळवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. हेतू एकच: माजी सैनिकांच्या 'पूरक उपचार केंद्रा'चे पितळ उघडे पाडणे. सुया टोचून, संगीत ऐकवून आणि श्वास मोजायला लावून जुनाट दुखणी बरी होतात, असा या मंडळींचा दावा आहे. माझ्या कमरेचे दुखणे सव्वीस वर्षांचे असून त्याने आजवर पाच सर्जन पचवले आहेत. अर्ज मी केलेला नव्हता. हिने केला होता, दोन वर्षांपूर्वी, माझ्या माघारी. बोलावणे आता आले. हिला जाऊन आठ महिने झाले. केंद्राच्या तत्परतेविषयी याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.
संकल्प: बारा आठवडे काटेकोर निरीक्षण, नंतर संचालकांकडे सप्रमाण तक्रार.

सायंकाळी ७
प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर गोलाकार बसवलेले सात माजी सैनिक. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. प्रत्येकाला एक कार्ड मिळाले: आजचे दुखणे शून्य ते दहा यांपैकी किती, तो आकडा लिहा. मी दोन लिहिला. डावीकडच्या तोफखानेवाल्याने नऊ लिहिला, तोही सर्वांना दिसेल असा. लाज नावाची वस्तू नाही.
मी वायरलेसचा माणूस. अठ्ठावीस वर्षे रोज सायंकाळी सहाला वरच्या ठाण्याला एकच अहवाल पाठवला: सर्व ठीक. एकदा वादळात छप्पर उडाले, तेव्हाही 'सर्व ठीक, छप्पर वगळता' एवढेच कळवले.
निघताना तोफखानेवाला म्हणाला, साहेब, आकडा दोन आणि खुर्चीतून उठायला झटके तीन, हे कसं काय बुवा? खुर्ची सदोष आहे, असे मी त्याला सुनावले.

११ मार्च, मंगळवार
संगीतोपचार. म्हणजे वाहत्या झऱ्याची ध्वनिफीत. सरासरी वय अडुसष्ट असलेल्या सात पुरुषांना बंद खोलीत झऱ्याचा आवाज ऐकवणाऱ्याची अक्कल कुठे चरायला गेली होती? दहाव्या मिनिटापर्यंत पाच जण स्वच्छतागृहात, सहावा दाराशी रांगेत. मी तत्त्वासाठी बसून राहिलो. घरापर्यंतचा प्रवास अवर्णनीय.
तक्रार: तीन पाने.
रात्री शेकायची रबरी पिशवी काढली. बूच सापडत नाही. ही कुठे ठेवत असे कोण जाणे. मी पिशवी कधी मागितल्याचे आठवत नाही. टेकून बसलो की ती पाठीशी असायची. तेव्हा कंबर दुखत नसे, हा निव्वळ योगायोग.
आकडा: दोन.

१८ मार्च, मंगळवार
सुया. एकूण चौदा. सुईवाल्या बाई म्हणाल्या, काका, अंग सैल सोडा, शत्रू नाही मी. मी त्यांना सांगितले की ते अजून सिद्ध व्हायचे आहे. निरीक्षण सूक्ष्म व्हावे म्हणून मी चाळीस मिनिटे डोळे मिटून घेतले. मी घोरत होतो, असा तोफखानेवाल्याचा आरोप. त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही; साक्ष ग्राह्य नाही.
परतताना बुटाची नाडी वाकून स्वतः बांधली. तीन वर्षांत प्रथमच. नाड्या नव्या आहेत, त्यामुळे असेल.
तक्रार: सहा पाने.
आकडा: दोन.

२५ मार्च, मंगळवार
केंद्रावर चाळीस मिनिटे आधी पोहोचलो. अकस्मात पाहणी. शिपायाने विचारले, आज पण एवढ्या लवकर? म्हणजे मागच्या वेळचीही नोंद यांनी ठेवली आहे. संशयास्पद.
श्वासाचा वर्ग. शिक्षक म्हणाले, श्वास सोडताना आपल्या एखाद्या प्रिय माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाला केव्हा आठवायचे हे ठरवण्याचा अधिकार यांना कुणी दिला? मी ताडकन उठलो (दोन झटक्यांत) आणि व्हरांड्यात गेलो. मागोमाग तोफखानेवाला आला. माझ्या डोळ्यात धूळ गेल्याचे मी त्याला स्पष्ट केले. तो म्हणाला, असेल की. आमची गेली तेव्हा मी सहा महिने रस्त्यात हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाशी भांडत होतो. मग त्याने पेपरमिंटची गोळी दिली. गोळी जुनी होती. तेही तक्रारीत घेतले.
आकडा: दोन.

१ एप्रिल, मंगळवार
पुन्हा सुया. या खेपेस सोळा.
संध्याकाळी मुलीचा फोन. बाबा, बरं वाटतंय ना तिकडे? मी म्हणालो, उपचार पूर्णतः निष्फळ असून माणसे असह्य आहेत. ती म्हणाली, मग सोडून द्या ना, कशाला जाता उन्हातान्हाचं? मी म्हणालो, एखाद्या कार्याला हात घातला की अर्ध्यावर सोडण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्यावर ती खो खो हसली. आठ महिन्यांनी हसली. कारण विचारायचे राहिले.
तक्रार: अकरा पाने.
आकडा: दोन.

८ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४
घोर अन्याय. सर्वांना गोल बसवून डॉक्टरीणबाईंनी जाहीर केले की पहिल्या पाच मंगळवारी ज्यांचा आकडा सतत तीनच्या खाली राहिला, त्यांना नियमानुसार मुक्त करण्यात येते. जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला. असा मनुष्य एकच. टाळ्या वाजल्या. भित्तिपत्रकासाठी माझा फोटो मागितला!
मी ओरडलो, माझे दुखणे सात आहे! बाई शांतपणे म्हणाल्या, काका, मग कार्डावर दोन का लिहिलंत? मी म्हणालो, कारण तुम्ही विचारलेत! चारचौघांत विचारल्यावर सभ्य माणूस दुसरे काय सांगणार?
तोफखानेवाला एवढेच म्हणाला, साहेब, नऊ लिहायचं हो. मी पहिल्या दिवसापासून सांगत नव्हतो का?
सांगत नव्हता. नुसता दाखवत होता.

११ एप्रिल, शुक्रवार
तक्रार स्वहस्ते दिली. चौदा पानांत उपचार तत्काळ बंद करावेत, अशी मागणी. पंधराव्या पानावर ते मला पुढे चालू ठेवावेत, अशी. विसंगती दाखवण्याचे धाडस संचालकांना झाले नाही.
डॉक्टरीणबाईंनी मूळ अर्ज मागवला. शेवटचा रकाना: 'रुग्णासोबत राहणाऱ्या व्यक्तीने भरावा.' हिचे अक्षर. उजवीकडे झुकलेले, घाईचे; गॅसवर काहीतरी ठेवून लिहिले असणार.
'हे दोन सांगतील. सात समजावे. ओरडत असले तर नऊ.'
बाई म्हणाल्या, हे आमच्यापैकी कुणी वाचलंच नाही, चुकलं आमचं, काका. पण जागा दिली गेली आहे. नवा अर्ज करावा लागेल. प्रतीक्षा अकरा महिने.
जुना अर्ज परत मागितला. नियमात बसत नाही म्हणाल्या. मी फार ओरडलो. व्हरांड्यातली माणसे दारात जमली. बाईंनी मला पाणी दिले आणि त्या पानाची प्रत काढून दिली.

१५ एप्रिल, मंगळवार. रात्री ९
नवा अर्ज भरला. अक्षर सुवाच्य. शेवटचा रकाना तेवढा राहिला आहे. मुलगी दूर राहते. नियमात 'सोबत' असे स्पष्ट लिहिले आहे.
आजचा तपशील: सकाळी दूधवाल्यावर ओरडलो. नंतर नळदुरुस्तीवाल्यावर. दुपारी, वर्गाच्या वेळी, घड्याळावर. संध्याकाळी वर्ग सुटल्यावर तोफखानेवाल्याचा फोन आला की साहेब, तुमच्याशिवाय भांडायला कुणी नाही इथं, त्याच्यावरही ओरडलो. तो फोन न ठेवता ऐकत राहिला.
मग पिशवी बुचाशिवायच भरून पाठीशी घेतली.
सर्व ठीक, गादी वगळता.
आकडा: दोन.