मॉनिटर आनंदी आहे

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं धंद्याच्या पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवतात.
नोकरी सोडून पंधरा दिवस झाले. सव्वीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढली, बास झालं. आता स्वतःचा धंदा. लोक गावाला गेले की त्यांची कुत्री आपण सांभाळायची. मागची खोली तयार, अंगण तयार, पाटीसुद्धा रंगवून झाली. लायसन्स तेवढं यायचंय. पाटी बघून बायको म्हणाली, बाजारात तुरी. उरलेली म्हण तिने गिळली. मी दुर्लक्ष केलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मेहुणा येऊन गेला. त्याचं रंगाचं दुकान आहे. काउंटरवरची जागा एक तारखेपर्यंत माझ्यासाठी मोकळी ठेवतो म्हणे. मी म्हटलं, नको. बायको म्हणाली, ठेव. मग तिने त्याच्यादेखत सांगून टाकलं. तीस तारखेपर्यंत लायसन्स आलं तर ती पुन्हा एक शब्द काढणार नाही. नाही आलं तर एक तारखेला सकाळी नऊला मी दुकानात. मेहुणा जाताना म्हणाला, भावोजी, भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी यायची हं! आणि हसला. याच्याकडे मी रजेचा अर्ज द्यायचा? मेलो तरी नाही.
दुपारी ३. परवाना कार्यालयात जाऊन आलो. आधी ट्रायल. एक कुत्रा सात दिवस ठेवायचा आणि रजिस्टर भरायचं. खाणं, पाणी, फिरणं, वागणूक, सही. मग शुक्रवारी अठ्ठावीसला चार वाजता सरकारी डॉक्टर तपासणीला. रजिस्टर म्हटल्यावर मला हसूच आलं. अहो, रजिस्टर! आणि मला!

२० नोव्हेंबर, गुरुवार
कुत्रा मिळाला. शेजारच्या हेडबाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, बहिणीकडे चालल्यात. त्यांचा मॉनिटर आठवडाभर आपल्याकडे. काळा, नऊ वर्षांचा, उंची माझ्या कमरेपर्यंत. बाईंनी विचारलं, तुम्हाला सवय आहे ना? म्हटलं, बाई, उभा जन्म यांच्यात गेलाय. खोटं नाही. ऑफिसच्या वाटेवर रोज चारपाच तरी भेटायचे. मी रस्ता बदलायचो ही गोष्ट वेगळी.
बाई म्हणाल्या, मला याच्याशिवाय कुणी नाही, जपा. म्हटलं, निर्धास्त जा.

२२ नोव्हेंबर, शनिवार
ट्रायलचा पहिला दिवस. बाईंनी पट्टा माझ्या हातात दिला. तो मी लगेच बायकोकडे दिला. घाबरलो वगैरे अजिबात नाही. मालकाने पहिल्याच दिवशी सलगी केली की शिस्त बिघडते. खाण्याचं भांडं मात्र मी स्वतः ठेवलं. दार चार बोटं उघडून, फरशी पुसायच्या दांड्याने आत सरकवलं. थोडं सांडलं.
संध्याकाळी रजिस्टर पुरं केलं. सातही दिवसांचं. ऑफिसात आम्ही शनिवारपर्यंतची हजेरी सोमवारी सकाळीच उरकायचो. सव्वीस वर्षांत माझं एक काम पेंडिंग राहिलं नाही ते काय उगाच? शाई तीन प्रकारची वापरली. शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'मॉनिटर आनंदी आहे. डॉक्टर आले. समाधान व्यक्त केलं.'
बायको म्हणाली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तिला प्लॅनिंग कळत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी ११. संकल्प: आज मॉनिटरच्या डोक्यावरून हात फिरवायचा.
११.२०. पुढे ढकललं. तो माझ्याकडे बघत होता.
संध्याकाळी बायकोने त्याला फिरवून आणलं. ती त्याच्याशी सारखी बोलत असते. माझ्याशी वर्षभरात इतकं बोलली नसेल. तो शेपूट हलवतो. रजिस्टरमध्ये 'आनंदी' लिहिलंच आहे. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सासूबाईंचा डोळा तपासायचाय. बायको उद्या सकाळी माहेरी जाणार, चारपर्यंत परत. तिने दोनदा विचारलं, जमेल ना? नाहीतर मी शनिवारी जाते. म्हटलं, धंदा कुणाचा आहे? जा.
नंतर वाटलं, एकदाच विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. दोनदा विचारल्यावर माणसाला मान राखावा लागतो.

२६ नोव्हेंबर, बुधवार
८.३०. बायको गेली.
९.१५. मॉनिटरची फिरायची वेळ. आतून दार खरवडतोय. प्लॅन: मी स्टुलावर. दांड्याने दार ढकलायचं, दांड्यानेच पट्टा अडकवायचा. माघारीसाठी अंगणाचं फाटक उघडं.
९.४०. दार उघडलं. पट्टा पडला. मॉनिटर माझ्याकडे न बघताच फाटकाबाहेर गेला. माघार त्यानेच वापरली.
९.५०. रजिस्टर पाहिलं. बुधवार, साडेनऊ: 'फिरणे, ४० मिनिटं.' म्हणजे नोंदीप्रमाणे तो फिरायलाच गेलाय. दहा दहाला येईल.
१०.१०. आला नाही.
११.३०. चार गल्ल्या पालथ्या घातल्या. हाका मारल्या. हळूच मारल्या. आला तर पुढे काय, हे ठरलं नव्हतं.
१२.४५. मोठ्या रस्त्यावर ट्रकने करकचून ब्रेक मारला. डोळे मिटून उभा राहिलो. उघडले तर रस्त्यात पोतं पडलं होतं. तिथेच कठड्यावर बसलो. देवा, तो तेवढा सापडू दे, लायसन्स गेलं खड्ड्यात. असं मनात आलं खरं.
२.०५. हेडबाईंचा फोन. मॉनिटर कसा आहे? म्हटलं, आनंदी आहे. म्हणाल्या, जरा त्याच्या कानाला लावा. मी रिकाम्या खोलीत फोन धरून उभा. बाई बोलत होत्या. नीट जेवतोस का, चादर घेतोस का, परवा येते हं राजा. इकडून काहीच आवाज जाईना म्हणून मी तोंडाने धापा टाकल्या. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.
२.४०. बेल वाजली.

संध्याकाळी ६
डॉक्टरीणबाई होत्या. दोन दिवस आधी. तारीख नुसती सांगायची असते, यायचं अचानक असतं म्हणे. हे आम्हाला सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.
त्यांनी रजिस्टर उघडलं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते कळलं. मंगळवार वाचला. बुधवार वाचला. 'संध्याकाळी ५.३०, सगळं खाल्लं' इथे थांबून घड्याळ पाहिलं. पावणेतीन. गुरुवार. शुक्रवार. मग पेनाचं टोपण लावून म्हणाल्या, माझं समाधान मी स्वतःच व्यक्त करत असते. प्राणी कुठाय?
म्हटलं, फिरायला गेलाय.
कुणाबरोबर?
एकटाच.
त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अंगणात गेल्या, कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे पाहिलं आणि मला हाताने बोलावलं. हेडबाईंच्या बंद दाराच्या पायरीवर मॉनिटर पडला होता. सकाळपासून तिथेच असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला रडूच फुटायचं बाकी होतं.
म्हणाल्या, घेऊन या. त्यांच्या फाटकातून आत शिरलो. तीन पावलं गेलो. मॉनिटरने मान वर केली, शेपूट हलवली. पुढचं पाऊल पडेना. शर्ट घामाने पाठीला चिकटला. बूट चावतोय, असं मी भिंतीकडे बघून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. मागून बायको आली, हातात पिशवी तशीच. चल रे घरी, म्हणाली. तो उठला. त्यांच्यामागून मीही निघालो.
डॉक्टरीणबाईंनी जाताना बायकोचं पूर्ण नाव लिहून घेतलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
रिपोर्ट आला. जागा: योग्य. पाणी: योग्य. निचरा: योग्य. चालक: बदलावा.
एवढ्याशा कारणावरून! तीन गोष्टी योग्य आहेत. पंचाहत्तर टक्के.
बायकोने दुपारीच जाऊन तिच्या नावाने अर्ज दिला. जागा पास आहे, तिला वेगळी ट्रायल नको म्हणे. हेडबाई मॉनिटरला न्यायला आल्या. फोनवर माझा आवाज ऐकून कशा धापा टाकत होता हो, म्हणाल्या. मी मान हलवली. बायको माझ्याकडे बघत राहिली.

३० नोव्हेंबर, रविवार
काल लायसन्स आलं. बायकोच्या नावाचं. तीस तारखेच्या आत आलं, शब्दाप्रमाणे मी जिंकलोय. तसं मी सकाळी बोलूनही दाखवलं.
बायकोने समोर एक फॉर्म ठेवला. मदतनिसाचा. हा मंजूर झाला तर दुकानात जायला नको, घरीच राहा, म्हणाली. सगळं तिनेच भरलं होतं. शेवटचा एक रकाना मी स्वतः भरायचा होता: 'प्राण्यांची भीती वाटते का?' 'हो' असेल तर फॉर्म बाद. मेहुणा चहा घेत बसला होता. तो म्हणाला, भावोजी, 'नाही' लिहा आणि मोकळे व्हा. सोपं होतं. आयुष्यभर मी असे रकाने भरत आलोय.
'हो' लिहिलं. अक्षर जरा वेडंवाकडं आलं.
बायकोने वाचलं. कधीपासून, विचारलं. म्हटलं, लहानपणापासून. कुणीच हसलं नाही. तिने फॉर्म घडी करून बाजूला ठेवला आणि मला आणखी अर्धा कप चहा ओतला.
मेहुणा म्हणाला, उद्या पहिलाच दिवस आहे, साडेनऊला आलात तरी चालेल.
म्हटलं, नाही, नऊला येतो.