मागच्या दाराची काच

क्रुशेवात्स, ९ जानेवारी

प्रिय नेवेना,

आशीर्वाद. मी ठीक आहे. थंडी कडक आहे, पण लाकडं पुरतील. शनिवारी दहा वाजता तुझ्या बाबांचा सहा महिन्यांचा स्मरणविधी आहे. विधीत वाटायचा गहू मी शिजवते, तू फक्त मेणबत्त्या आण.

आज गाडीच्या मागच्या दाराचं काम करून घेतलं. काच ज्या रबरी खोबणीतून सरकते, ती कुजली होती. चेदा आला होता, माझा जुना विद्यार्थी. त्याने दाराचं आतलं आवरण काढलं, तिरक्या छोट्या काचेजवळची पट्टी सोडवली. जुनी खोबणी ओढली तर तुकडेच हातात आले. नवी थंडीने ताठरली होती. मी ती कोमट पाण्यात ठेवली.

"बाई, ही पाचर कुणी ठोकली इथं?"

"मी. काच खाली पडत होती."

"मग उघडणार कशी?"

"उघडायची नव्हती."

तो हसला. "वाऱ्याचा झोत लागून माणूस आजारी पडतो म्हणून? माझी आईपण तशीच! पण तुम्ही तर आम्हाला भौतिकशास्त्र शिकवलंत, बाई."

"तोंड कमी चालव. स्क्रू हरवशील."

नवी खोबणी बसल्यावर काच बोटाने खाली गेली. मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. शेवटी चेदाने माझा हात धरून बाजूला केला.

नेवेना, जुलैत तुला सांगितलं ते खोटं होतं. मिलोयेला वेळ नव्हता, असं मी म्हणाले. तो म्हणाला होता, "आई, चारपर्यंत थांब, बाबांना माझ्या एसीच्या गाडीतून नेतो." मी थांबले नाही. भर दुपारी, एकोणचाळीस अंशांत, बाबांना मागे बसवून निघाले. त्यांना घाम फुटला होता. घामेजल्या अंगाला झोत लागू नये म्हणून पुढच्या काचाही वर केल्या.

ते म्हणाले, "विदा, जरा उघड ना." मी म्हटलं, "गप्प बसा, मान धरेल." त्यांनी काचेचा दांडा फिरवून पाहिला, तो नुसताच फिरत राहिला. मग म्हणाले, "बाई, मी हात वर केलाय. आता तरी परवानगी द्या." मी आरशात पाहिलं. हात खरंच वर होता.

मी नाही म्हटलं.

पूल ओलांडला तेव्हा मागून आवाज येईना. मला वाटलं, झोप लागली.

डॉक्टर म्हणाले, हृदय कदाचित तसंही थांबलंच असतं. त्या 'कदाचित'वर मी सहा महिने काढले. तू भावाशी बोलणं सोडलंस, मी पाहत राहिले. त्यानेही मला उघडं पाडलं नाही. "राहू दे, आई," एवढंच म्हणाला. मी राहू दिलं.

हे पत्र वाचलंस की आधी मिलोयेला फोन कर. मला नको. शनिवारी तुम्ही दोघं कबरीपाशी एकत्र उभे राहा. मी येऊ नये असं वाटलं तर चेदाकडे निरोप ठेव, मी घरीच थांबेन.

खाली 'तुझी आई' लिहायला हात धजत नाही.

विदोसावा