निष्कर्ष: पाणी पुरेल

३ मार्च
भूजलाचा अभ्यास आजपासून. साहेबांचा प्रश्न सोपा आहे: शेतीसाठी उपसा असाच चालला तर या पट्ट्यात पाणी टिकेल का? त्यांनी महिना दिला, मी दोन आठवडे पुरे म्हणालो. निष्कर्ष तयारच आहे. पुरेल. ताईची संत्र्याची बाग इथेच आहे, आणि ती माझ्या सल्ल्याने लावलेली आहे. म्हणजे पुरायलाच हवं. मुक्काम तिच्याकडेच.

९ मार्च
पहिल्या विहिरीत टेप सोडला. पाणी लागेना. टेप खराब.

१० मार्च
दुसरा टेप. हाही खराब. ऑफिसात कडक तक्रार करायची.

१४ मार्च
लांब टेप आला. पाणी लागलं! गेल्या वर्षीपेक्षा बरंच खाली, पण लागलं हे महत्त्वाचं. जेवताना दाजींना उत्साहाने सांगितलं. ते अर्धी भाकरी टाकून उठले. थकले असतील.

१७ मार्च
पावसाचं जेवढं पाणी जमिनीत मुरतं, त्याच्या दीडपट उपसा निघतोय. कुठेतरी चुकलो. पुन्हा मांडलं. पावणेदोनपट. गणित थांबवलं.

२१ मार्च
सकाळी ताईची बोअर नुसती हवा फेकू लागली. दाजींनी मोटर बंद केली. मी समजावलं, घट तात्पुरती असते, भूजल सावकाश चालतं. ताईने ऐकून घेतलं. मग विचारलं, अर्धी बाग तोडली तर उरलेली जगेल का? म्हटलं, सगळे आकडे हाती येऊ देत.
"आकडे राहू दे. भाऊ म्हणून सांग, खाली पाणी आहे का?"
सविस्तर अभ्यासाची गरज आहे, असं मी म्हणालो. रात्री जेवायला गेलो नाही. ऊन लागलं असावं.

२४ मार्च
'परिस्थिती गंभीर' लिहिलं. खोडलं. 'चिंतेचं कारण नाही' लिहिलं. ते वाचवेना. उद्या पहाटे उठून रिपोर्ट संपवायचाच.

२५ मार्च
पहाटे उठलो, पण करवतीच्या आवाजाने. ताई आणि दाजी वरच्या अंगाची झाडं पाडत होते. फांद्यांना गोटीएवढी फळं धरली होती. मी धावत गेलो. म्हटलं, निदान रिपोर्ट येईपर्यंत तरी थांबा.
ताईने करवत थांबवली नाही. "मी विचारलं तेव्हा तुला 'आहे' म्हणता आलं नाही. तोच रिपोर्ट. आता फांद्या ओढ."
दिवसभर ओढल्या. संध्याकाळी फोन वाजला, साहेबांचा असणार. हातांत काटे भरले होते, त्यामुळे उचलता आला नाही.