निळी देगची

कळंब,
शुक्रवार, दुपार

प्रिय झरीन,

पत्र बघून दचकली असशील. सासूचं पत्र, ते पण चार वर्षांनी! आधी फोन लावला होता, दोनदा. तू उचलला नाहीस, बरंच केलंस. फोनवर मी निम्मं गिळलं असतं आणि वर तुलाच चार गोष्टी सुनावून मोकळी झाले असते, माझी जीभ तुला ठाऊकच आहे. सव्वीस वर्षं अंगणवाडीचे अहवाल लिहिले. मुलांच्या वजनात इकडं-तिकडं थोडं खोटं लिहिलंही असेल, अल्ला माफ करो, पण हे पत्र खरं लिहायचं ठरवून बसले आहे. अक्षर तिरकं दिसतंय ना? त्याचंही कारण पुढं येतंय.

परवा तुझा भाऊ समद आला होता. भूमहून खवा घेऊन इथल्या मिठाईवाल्याकडं आला, तसा माझ्या दारातही डोकावला. पावशेर खवा हातात ठेवला, पाणी प्यायला आणि मग बोलता बोलता रडायलाच लागला गं. म्हणाला, परंड्याच्या मास्तरांचं स्थळ चालून आलं होतं, माणूस शांत, पहिली बायको वारलेली, सात वर्षांची मुलगी आहे, आणि झरीननं न्हाय म्हणून सांगितलं. कारण काय, तर तू म्हणालीस, माझ्या हातचं कुणी खाऊ नये. त्यानं असंही सांगितलं की तू घरात धुणं धुतेस, शिलाई करतेस, म्हशीचं शेणसुद्धा काढतेस, पण चुलीला शिवत नाहीस. भाभी तापानं फणफणली होती तेव्हा तू शेजारणीच्या भाकरी आणून तिला भरवल्यास म्हणे. मास्तरांची माणसं महिनाअखेरपर्यंत वाट बघणार आहेत, एवढं सांगून समद पाचच्या गाडीनं गेला. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं ते त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

त्यावर येते. पण आधी तुझ्या देगचीचं ऐक, कारण त्या देगचीनंच मला इथवर आणलं आहे.

मागच्या थंडीत न्हाणीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हात सुटला पण जोर काही परत आला नाही. कुकर उचलत नाही, कणीक मळवत नाही. दोन-अडीच महिने शेजारच्या कमलबाईंनी डबा दिला. तुला आठवतात ना, तुमच्या लग्नात नवऱ्या मुलीपेक्षा जास्त मेंदी लावून मिरवल्या होत्या त्या? बाई सोन्यासारखी, पण माळकरी. त्यांच्या डब्यात लसणाचा वाससुद्धा नाही. शेवटी माझ्या जिभेनं बंड केलं. म्हटलं, कमलबाई, माळ्यावर चढा आणि कोपऱ्यातलं गाठोडं काढा. कपाटाखाली आपल्या फारुखचा छोटा मायक्रोवेव्ह ओव्हन होता, पुण्याच्या खोलीवरून सामान आलं तेव्हापासून तसाच. आणि गाठोड्यात, तुझ्या जुन्या दुपट्ट्यात बांधलेली, ती निळी प्लास्टिकची देगची. माळ्यावर मीच टाकली होती. डोळ्यांसमोर नको म्हणून.

झाकणावर अजून पांढरी चिकटपट्टी आहे. तुझं बारीक अक्षर: भात एक वाटी, पाणी दोन, अकरा मिनिटं. खाली पेनानं आणखी एक ओळ, फारुखला तेरा. त्याला मऊ लागायचा, हे मला ठाऊक होतं गं, लहानपणापासून ठाऊक होतं. पण तू मिनिटं मोजून ठेवलीस.

मग काय, माझे प्रयोग सुरू झाले. पहिल्या दिवशी आत स्टीलचा चमचा विसरले, तर ओव्हनमध्ये दिवाळी! दुसऱ्या दिवशी अंडं सालासकट ठेवलं. ते असं फुटलं की कमलबाई पूजा टाकून धावत आल्या आणि अंड्याचा पसारा बघून तिथूनच राम राम म्हणत परत गेल्या. पण हळूहळू हात बसला. लसणाच्या पाकळ्या वीस सेकंद ठेवल्या की साल आपोआप सुटतं, मनगटाला त्रास नाही. शेंगदाणे एकेक मिनिट करून तीनदा हलवायचे, खमंग होतात आणि करपत नाहीत. गुळाचा खडा दगडासारखा झाला असेल तर थोडा वेळ ठेवला की चाकूनं कापता येतो. डाळ तासभर भिजवून घेतली तर देगचीतच मऊ होते, फक्त झाकण थोडं सरकवून ठेवायचं, नाहीतर सगळी आतच सांडते. दूध अर्ध्याच्या वर घालायचं नाही, हे मी तीनदा ओव्हन पुसून शिकले. रव्याचा उपमा होतो, शेवया होतात. समदनं दिलेल्या खव्यात साखर घालून दोन मिनिटं फिरवला, वेलदोडा टाकला, तर असा कलाकंद झाला की कमलबाईंनी आधी भांडं अंड्याचं तर नाही ना विचारलं आणि मग तीन वड्या खाल्ल्या. एका माणसापुरतं शिजवायला याच्यासारखं भांडं नाही. आणि मी हिला बाहुलीची देगची म्हणून हिणवत होते. तुम्ही दोघं चाकणच्या कंपनीतल्या पाळ्या सांभाळून त्या एका खोलीत हिच्यावर संसार करत होतात, आणि मी इथं बायकांना सांगत होते, माझी सून स्वयंपाक करत नाही, बटण दाबते.

आता जे सांगते ते कुणाला सांगू नकोस, मी गावभर भूतबाधेविरुद्ध बोलत फिरलेली बाई आहे. तुला माहीत आहे, आपल्यात म्हणतात, जुमेरातीला, गुरुवारी, दिवस मावळताना मगरिबच्या सुमाराला गेलेल्यांच्या रूहा घरी येतात, उंबऱ्यापाशी उभ्या राहतात, आपल्यासाठी कुणी काही वाचतंय का बघतात. मी हे मानत नव्हते. तरी चार वर्षं एकही जुमेरात चुकवली नाही. ऊद लावला, मटणाचा दालचा केला, हात मोडल्यावर गल्लीतल्या बाईकडून करवून घेतला, त्याच्या नावानं फातेहा दिला, ताट गल्लीत वाटलं. आणि दर जुमेरातीला, ऊदाच्या धुरात, मला फारुखच्या अंगाचा वास येतो. अत्तराचा नाही. कंपनीतून आल्यावर त्याच्या सदऱ्याला यायचा तो, मशीनच्या तेलाचा. येतो आणि जातो. दरवेळी वाटायचं, ताटाकडं न बघताच गेला. मी दालच्यात आंबटपणा वाढवून बघितला, बोट्या वाढवून बघितल्या. उपाशी गेला, उपाशी गेला, एवढंच डोक्यात.

देगची खाली काढल्यावरच्या पहिल्या जुमेरातीला म्हटलं, दालचा नको, तुझ्या पट्टीवरचा भात करू. तेरा मिनिटं लावली आणि नमाजला उभी राहिले. त्या ओव्हनची खोड तुला माहीत आहे, काम झालं की वाजतो, आणि दार उघडेपर्यंत मिनिटा-मिनिटानं वाजतच राहतो. माझी नमाज चालू आणि मागं तो वाजतोय. थांबतो, पुन्हा वाजतो. आणि तो वास. इतका जवळ की मानेवर काटा आला. कुणीतरी मागं उभं आहे आणि सारखं सारखं हाक मारतंय, असं वाटलं. सलाम फेरून मागं वळले, तर कुणी नाही. कोण असणार? भात काढला, फातेहा दिला. वाटलं, आज खाईल. पण वास चुलीकडं गेला नाही, झरीन. आतल्या खोलीच्या दाराशी थांबला. तुझ्या इद्दतीच्या खोलीच्या. पुढच्या जुमेरातीला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. काल तर ओव्हन लावलाच नव्हता, वायरही काढलेली होती, तरी मला वाजल्याचं ऐकू आलं. म्हातारीचे कान म्हण हवं तर. पण मी घाबरले, खरंच घाबरले, आणि मला कळून चुकलं की हा जेवायला येत नाही.

त्या खोलीत तू नवऱ्याच्या माघारी चार महिने दहा दिवस बसलीस. जियारतीच्या दिवशी, माती देऊन तिसरा दिवस, घर बायकांनी भरलेलं, सगळ्या विचारत होत्या, एकतीस वर्षांचा धडधाकट पोरगा, झालं तरी काय? आणि मी सगळ्यांसमोर तुझ्याकडं बोट केलं. म्हटलं, हिच्या त्या प्लास्टिकच्या भांड्यानं मारलं माझ्या पोराला, रोज विजेवर शिजवलेलं विष घातलं. तू डोकं वर केलं नाहीस. मग पूर्ण इद्दत तू चुलीजवळ आली नाहीस, आणि मी म्हणत राहिले, बघा सुनेचा माज. कमलबाई एकदाच म्हणाल्या, अहो सायराबी, लेकरू आहे ते, असं बोलू नये. मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. इद्दत संपली, समद तुला घेऊन गेला, आणि तू देगची मागितलीसुद्धा नाहीस. आता रोज मी त्याच देगचीत शिजवते, रोज खाते, आणि ठणठणीत आहे. प्रत्येक घासाला मला माझंच बोलणं आठवतं. पण झरीन, मी ते रागाच्या भरात बोलले नव्हते. माफी मागून सुटायला ती नुसती चूक नव्हती.

त्याच्या त्या शेवटच्या बकरीदला तू दुसऱ्या दिवशी माहेरी भूमला गेलीस. फारुख अंगणात वाटपाचे वाटे करत होता. करता करता पायरीवर बसला, छाती धरली, कपाळावर दरदरून घाम. डावा हात दुखतोय म्हणाला. मला म्हणाला, अम्मी, डॉक्टरकडं जाऊन येऊ का? आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं गं, अशा दुखण्याला एक घटकाही घालवायची नाही. मी स्वतः बायांकडून ते पाठ करून घ्यायची. आणि मी माझ्या पोराला ओवा आणि काळं मीठ दिलं. म्हटलं, कलेजी जास्त झाली, गॅस आहे. कारण डॉक्टर म्हटलं की तुला कळणार, तुला कळलं की तू त्याच दिवशी त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेणार, आणि मला माझ्या लेकाबरोबर ईदचे चार दिवस हवे होते. तास-दीड तासानं त्याला बरं वाटलं. तेव्हा तो म्हणाला, झरीनला सांगतो, पुण्यात गेल्यावर ती दाखवेल. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, तुला माझ्या दुधाची कसम आहे, तिला यातलं काही सांगायचं नाही. त्यानं पाळली. सोळा दिवस, कंपनीत कोसळला त्या शेवटच्या पाळीपर्यंत, तुझ्या शेजारी झोपून पाळली. जियारतीला बायकांनी विचारलं तेव्हा खरं उत्तर माझ्या घशात होतं, ते बाहेर येऊ नये म्हणून मी तुझं नाव घेतलं. येत्या जुमेरातीला त्याच बायकांना घरी बोलावलं आहे, त्यांच्यासमोर हे सगळं सांगणार आहे. कमलबाईंना काल सांगितलं. समदला हे पत्र वाचून दाखव. मास्तरांना होकार द्यायचा की नाही ते तुझं तू बघ, पण माझ्या खोट्यापायी नकार देऊ नकोस. तू माझ्या पोराला मारलं नाहीस, झरीन. तुला कळू दिलं असतं तर तू त्याला वाचवलं असतंस.

मला अम्मी म्हणायचं की नाही ते आता तुझ्यावर, मी मात्र मरेपर्यंत तुझीच,

सायराबी