इस्त्री न केलेली कविता

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की सिन्नरच्या आपल्या कॉलेजात तुम्हाला पाहिलेलं आता कोणी उरलं नाही. मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. तुम्ही शिकवायचात तोच भाग माझ्याकडे आहे: गेल्या शतकाच्या सुरुवातीचे ते कवी, ज्यांनी यमक सोडलं, वृत्त मोडलं आणि कवितेत रस्त्यावरची अर्धीमुर्धी वाक्यं आणली. तुम्ही पहिल्यांदा वाचून दाखवलंत तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं होतं, "सर, छापताना ओळी गळाल्यात वाटतं." तुम्हीही हसलात. मग म्हणालात, "महायुद्धातून पोरं घरी आली. आईनं विचारलं, काय पाहिलंस रे? त्यांना सलग सांगता येईना. मग कविता तरी सलग कशी येणार?" त्यावर लिहिलेला माझा निबंध घेऊन मी तुमच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात चहा टाकताय, मी ओट्याला टेकून उभी आहे, आणि आधण उकळतंय तरी तुमचं लक्ष माझ्या कागदांवर. "सगळा अर्थ लावलास," तुम्ही म्हणता, "पण कवितेला इस्त्री केलीस गं. त्या सुरकुत्यांतच तर ती होती." मी रडवेली झाले. पण तेव्हापासून कुणाचंही मोडकं वाक्य दुरुस्त करायला माझा हात धजत नाही.

यंदा तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सुरगाण्याकडची एक मुलगी होती. आईवडील इकडेच बांधकामावर, मखमलाबादच्या पुढे पत्र्याच्या खोलीत राहायचे. तिचा थोरला भाऊ स्लॅबवरून पडून गेला. मी हे कवी शिकवले, आणि कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तिनं एक पान आणून दिलं. दवाखान्यात त्या दिवशी विचारलेले प्रश्न होते फक्त. नाव काय. वय किती. तुम्ही कोण. सही कोण करणार. आणि प्रत्येक प्रश्नाखाली तिच्या आईचं एकच उत्तर, त्यांच्या बोलीत: माना पोसा. माझा मुलगा. बाकी काही नाही. मी ते स्टाफरूममध्ये उभ्यानंच वाचलं आणि खुर्ची ओढून बसले. अंकाचे संपादक म्हणाले, "मॅडम, ही ना धड मराठी, ना धड कविता. जरा नीट करून घ्या, मग छापू." मी म्हटलं, एक अक्षर बदलणार नाही. भांडले, सर. छापून आणलं.

तिथं थांबायला हवं होतं का, हे मला तुम्हाला विचारायचंय. अंकाच्या प्रकाशनाला तिनं ते वाचावं असं मीच सुचवलं. ती म्हणाली, "छापलंय ना मॅडम, वाचायला नको." मी म्हटलं, "तुझ्या आवाजात ऐकलं तरच लोकांना कळेल." मग ती तयार झाली, आणि मुलीचं कौतुक बघायला म्हणून आईला घेऊन आली. आई शेवटच्या रांगेत, पदर सावरून बसलेली. मुलीनं वाचायला सुरुवात केली. स्वतःचे शब्द लाउडस्पीकरवरून येताना त्या बाईनं दोनदा ऐकले, तिसऱ्यांदा ती उठली आणि दाराकडे चालू लागली. मुलीनं मान वर केली नाही, शेवटपर्यंत वाचलं. हॉल टाळ्यांनी भरला. पाहुणे रचनेतल्या आधुनिकतेवर बराच वेळ बोलले. बाहेर पायऱ्यांवर मुलगी मला म्हणाली, "मॅडम, टाळ्या कशाला वाजवल्या सगळ्यांनी?" दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात आली नाही.

एका रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेले. आईनं कोरा चहा दिला, समोर बसली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. मी मुलीकडे पाहिलं. "आई म्हणते, ते मी त्या डॉक्टरला सांगत होते. सगळ्यांना नव्हतं सांगत." एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी माफी मागितली, ती मुलीनं आईला सांगितली की नाही कोण जाणे, कारण तिनं एकच शब्द उच्चारला आणि आई चुलीकडे वळली. निघताना मी मुलीला विचारलं, "लिहितेस का काही?" "लिहिते," ती म्हणाली. "दाखवायचं नाही आता." परीक्षेला मात्र ती आली, पास झाली, आणि गावाकडच्या आश्रमशाळेत नोकरीला लागलीय असं ऐकते.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, की ते कवीसुद्धा कुणाच्या तरी आईचं, बायकोचं, शेजाऱ्याचं बोलणं उचलूनच लिहीत होते. खरंय. पण त्या माणसांना कोणी हॉलमध्ये आणून बसवलं नव्हतं.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू नये असं वाटतं. ती बाई उठली तेव्हा मला दिसली होती, सर. मी पाहिलं, आणि तरी माझं लक्ष पुढची ओळ कुठे तुटते याकडेच होतं.