सामूच्या गावातली मशीद

सोम., २२ जानेवारी १९५१. ठाणे.

सामूचं पत्र आलं. चार महिन्यांनी. चिरंजीव इस्राएलला जाऊन सव्वा वर्ष झालं, पत्रं मोजून सहा. रिबकाने आधी ते उराशी धरलं, मग मला वाचायला दिलं, मग माझं वाचणं सावकाश वाटलं म्हणून हिसकावून घेतलं. आईची सत्ता.

छावणीतल्या तंबूतून सुटका झाली. डोंगरातल्या एका गावात दगडी घर मिळालंय, अंगणात अंजीर. सरहद्द तीन मैलांवर, म्हणून सगळ्यांना पाळीपाळीने बंदूक घेऊन पहारा. रेशनच्या कचेरीत अजून विचारतात, तू काळा, तू यहुदी कशावरून? सही आता 'शिमशोन' अशी करतो. सामसन नाव तिथल्या लोकांना चालत नाही म्हणे. शेवटी एक ओळ: 'गावात जुनी मशीद आहे, छप्पर शाबूत, पण बंदच असते.'

रि. त्या ओळीवर रडली. पोरगा देवाच्या देशात जाऊन प्रार्थना विसरतो की काय, ही तिची धास्ती. म्हणाली, मशीद आहे ना, मग झालं. आपण गेलो की उघडू.

यहुद्यांच्या गावात मशीद बंद का, असं मनात आलं. प्रार्थना चालवणारा हज्जान मिळत नसेल.

रवि., २८ जाने.

काल शनिवार, लेखणी बंद. आज लिहितो.

आमच्या, ठाण्याच्या यहुद्यांच्या, मशिदीत रि.ने बातमी अशा थाटात सांगितली की ती तिकडची मशीद जणू हिनेच बांधली. प्रार्थना आटोपल्यावर बायका ओट्यावर जमल्या आणि ठरलंसुद्धा: सामूच्या गावच्या मशिदीसाठी ठाण्याहून पडदा जाणार. सेफेर-तोरा, आपली धर्मपोथी, ठेवतात त्या कपाटावरचा. निळी मखमल, जरीची अक्षरं. अक्षरं हज्जान खडूने काढून देणार. मला कपाटाचं माप विचारलं. मला काय ठाऊक! आपल्याएवढंच असेल, म्हणून ठोकून दिलं.

जूनच्या तुकडीबरोबर आम्ही दोघांनी जायचं हे रि.ने केव्हाच ठरवलंय. अर्जावर तिची सही झाली. माझी नाही. पन्नाशी उलटलेल्या कारकुनाने तिकडे करायचं काय? ती म्हणते, मुलगा जिथे तिथे आपण.

बुध., ७ फेब्रु. कल्याण.

एका बंद घराचा पंचनामा. मालक कराचीला गेला, घर आता सिंधमधून आलेल्या कुटुंबाला द्यायचं. तीन वर्षं हेच करतोय. कुलूप तोडा, दोन पंच उभे करा, आतलं एकेक लिहा. पाटा एक, वरवंटा एक, पाळणा एक. 'मालक' या रकान्यात: गैरहजर. एवढी घरं लिहिली की आता घर बघून कळतं. डबे रिकामे करून गेला तो ठरवून गेला. मीठ मागे राहिलं तो पळाला. आजच्या घरात मिठाची बरणी काठोकाठ.

दुपारी हुसेनबरोबर डबा. रेकॉर्ड सांभाळतो, कल्याणचाच राहणारा, अठरा वर्षांची सोबत. हेडक्लार्क आम्हा दोघांना 'मशीदवाले' म्हणतो. हा शुक्रवारी एक तास गायब, मी शनिवारी अख्खा. सामूचं पत्र त्याला वाचून दाखवलं, पडद्याचंही सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "मिनार आहे का, विचार त्याला."

मी म्हटलं, मशिदीला कसला मिनार?

"तुझ्या नसतो. माझ्या असतो."

दुपारीच सामूला पत्र टाकलं. एकच प्रश्न. उत्तर कचेरीच्या पत्त्यावर पाठव म्हणून लिहिलं.

रवि., १८ फेब्रु.

आमच्या घरात मखमल, मखमलीवर बायका. काल-परवा कोणीतरी तिकडच्या हवेत जर काळी पडेल का विचारलं, त्यावर तासभर चर्चा. सामूला घर मिळालं म्हणून रि.ने एलियाहू हन्नाबीच्या नावाने नवसाचा मलिदाही केला. पोहे, खोबरं, पाच फळं. सगळे पोटभर जेवले. मीही.

नक्की कळेपर्यंत बोलायचं नाही, असं स्वतःला बजावतो. खरं कारण वेगळं. मला रि.चा चेहरा पाहवणार नाही. भित्रा आहे मी.

सोम., १२ मार्च. क.

उत्तर आलं. रेकॉर्डरूमच्या मागे उभ्याने वाचलं. उतरवून ठेवतो, मूळ पत्र घरी नेणार नाही.

'बाबा, मिनार आहे. वरचा भाग पडलाय. मशीद म्हणजे मुसलमानांची. आपल्या मशिदीला इथे वेगळं नाव, तेच तोंडात बसलं. मशीद म्हटलं की मला आता त्यांचीच आठवते. तुम्ही दोघं वेगळं समजाल हे डोक्यातच आलं नाही. गाव त्यांचंच होतं. लढाईत गेले, परत येऊ दिलं नाही. आम्ही घरात शिरलो तेव्हा डब्यात मसूर होते, मीठ होतं.'

मीठ होतं.

पुढे: 'जानेवारीत सरहद्दीपलीकडून आलेल्यांनी शेजारच्या वस्तीतला माणूस शेतात मारला. पोलंडहून जीव वाचवून आलेला, दोन मुलींचा बाप. मी त्याला खांदा दिला. तेव्हापासून पहाऱ्यावर सगळ्यांचं बोट चापावरच. मागच्या मंगळवारी उजाडताना माझी पाळी. मशिदीतून एक माणूस बाहेर आला. हातात काहीतरी काळं. मी हाक मारली. तो वळला, तो हात वर आला. मी गोळी घातली. जवळ गेलो तर म्हातारा. हुसेनचाचांपेक्षा मोठा. हातात चपला होत्या. सगळे म्हणतात बरोबर केलंस. आईला सांगू नका.'

मशिदीतून बाहेर येणाऱ्याच्या हातात चपला असतात, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. सामूला तर कळायलाच हवं होतं. ईदला मी त्याला क.ला आणायचो, तेव्हा हु.ची मुलं आत जायची आणि हा पायरीवर बसून त्यांच्या चपला राखायचा.

माझ्या मुलाने माणूस मारला. लिहून बघितलं. खरं वाटत नाही.

बुध., २१ मार्च. क.

हु.च्या भावाच्या घराचा पंचनामा नेमका माझ्याच वाट्याला आला. दुसऱ्या कोणाला द्या म्हणून हेडक्लार्ककडे गेलो. म्हणाला, तुम्ही ओळखीचे, नीट कराल. भाऊ अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत पाकिस्तानात गेला. त्याच दिवसांत स्टेशनबाहेर मला आणि हु.ला टोळक्याने घेरलं होतं. दाढीवरून मलाही मुसलमान धरला. मी शनिवार तेली, म्हणजे यहुदी, हे त्यांच्यातल्या एकाला माहीत होतं म्हणून सुटलो. हु.च्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, हा माझा भाऊ. सोडलं.

आज हु.ने स्वतःच्या हाताने कुलूप काढून दिलं. मी 'मालक' या रकान्यापाशी थांबलो तर म्हणाला, लिही, गैरहजर लिही, आहेच तो गैरहजर. खाटा दोन, आरसा एक, शिवणयंत्र एक. शेवटी त्याने सही केली, नेहमीसारखी वळणदार.

पायऱ्या उतरताना विचारलं, मिनारचं काय झालं? म्हटलं, आहे. तो म्हणाला, मग वहिनींना सांग, हकनाक डोळे फोडतायत.

एवढंच सांगितलं. पुढचं जिभेवर आलं होतं. त्याच्या भावाचं घर नुकतंच लिहून काढलं होतं, आणि…

रवि., २५ मार्च.

रि.ला मिनारचं सांगितलं. फक्त तेवढंच. तिने सुई ठेवली नाही. दोन अक्षरं राहिली होती, ती करतच राहिली. म्हणाली, दुसऱ्या गावात असेल आपली, तिथे देऊ, देश तर आपला आहे. मग विचारलं की सामूचं पत्र कचेरीत का आलं.

चुकून, म्हणालो. लग्नाच्या एकवीस वर्षांत मला कधी खोटं बोलता आलेलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. घाबरली असावी.

शुक्र., ६ एप्रिल.

दिवेलागणीच्या आधी लिहून टाकतो.

दहा-बारा दिवस घरात कामापुरतं बोलणं. आज सकाळी डबा हातात देताना रि. म्हणाली, "ते पत्र आणा. नाहीतर मी कल्याणला येते."

आणलं. तिने उभ्यानेच वाचायला घेतलं, मध्येच पाटावर बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. मला शिव्या देईल वाटलं, त्याही नाहीत. त्या म्हाताऱ्याला कोण होतं का, हे पत्रात दोनदा शोधलं. नाही लिहिलेलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"हाक कोणत्या भाषेत मारली याने?"

मला सुचलं नव्हतं हे. इतका कागद घासणारा माणूस मी, हा प्रश्न पडला नाही. तिने तिथेच एअरमेलचा कागद घेतला आणि स्वतः लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. मीच पेटीत टाकून आलो.

रवि., २२ एप्रिल.

पेसाहचा सण लागला. घर धुतलं, बिनखमिराच्या भाकऱ्या झाल्या. मिसरातल्या गुलामीतून सुटून आलो, ही गोष्ट दरवर्षी मीच वाचतो. यंदाही वाचली. रि. खाली मान घालून ऐकत होती. पडदा ट्रंकेत. बायका विचारतात, सामूला आवडेल ना? ती म्हणते, हो.

तिकडे जायचं, या विषयावर आम्ही बोलत नाही. अर्ज देव्हाऱ्यासारखा कपाटावर ठेवलाय, दोघंही जाता-येता बघतो.

मंगळ., ८ मे.

उत्तर आईच्या नावाने, घरच्या पत्त्यावर. मी क.हून येईपर्यंत रि.ने फोडलं नव्हतं. मला वाचायला लावलं.

'आई, मराठीत. घाबरलो की अजून मराठीच येतं. लांबूनच म्हातारा वाटला, हे बाबांना लिहिलं नाही; म्हणून "अहो, थांबा" असं ओरडलो. तो थांबला होता. माझ्याकडे वळला आणि हात कानाला नेला, काय म्हणतोय ते कळलं नाही म्हणून. चपला त्याच हातात. मी बाबांना लिहिलं की हात वर आला. तो हात असा वर आला. मला हे त्याच क्षणी दिसलं होतं, पण बोट आधी हललं. इथे कोणाला सांगितलेलं नाही.'

मी कागद तिच्या हातात दिला. उरलेलं रि.ने वाचलं. तुम्ही येणार की नाही, एवढंच उरलं होतं.

"अहो म्हणाला तो," ती म्हणाली. आणि आता रडली. माझं पोर, माझं पोर, असं करत. मला तिला जवळ घेता आलं नाही. मला राग येत होता, कोणाचा ते नीट सांगता येणार नाही. त्याचा, बंदूक देणाऱ्यांचा, शेतात त्या दोन मुलींचा बाप मारणाऱ्यांचा. आणि माझा, कारण ठाण्यात काय कमी होतं, असं मी त्याला जाताना एकदाही विचारलं नाही.

तोंड धुऊन आली आणि शांतपणे म्हणाली, ती जाणार. त्याच्याजवळ माणूस पाहिजे. मी यावं, नाहीतर राहावं. त्याच घरात राहायचं का, असं मी विचारलं. दुसऱ्याच्या मिठाच्या घरात? ती म्हणाली, तो जिथे असेल तिथे. पुढे म्हणाली, आणून दाखवा त्याला परत, मी नाही जात. तेही खरंच. तो परत येऊ का असं विचारत नाही, तुम्ही येता का असं विचारतो.

अर्ज पंधरापर्यंत द्यायचा. आठवडा आहे.

हु. अजूनही डबा खाताना विचारतो, पोरगा बरा आहे ना? मी म्हणतो, बरा आहे. अठरा वर्षं एका ताटलीतली भाजी खाल्ली. त्याला न सांगता मला सही करता येणार नाही, आणि न करताही येणार नाही. उद्या दुपारी सांगतो. चपलांचं, हाकेचं, सगळं. त्यानंतर तो माझ्या समोर बसेल की उठून जाईल, मला माहीत नाही.